फळ न देणारे झाड

सह्याद्रीचा माथा ओलांडून पश्चिमेकडे उतरू लागले, की ओढ्यांच्या काठी आणि डोंगरउतारांवरील सदाहरित रानांत एक सडपातळ, डौलदार वृक्ष ठिकठिकाणी दृष्टीस पडतो. त्याचे खोड सरळ वाढत जाते आणि फांद्या आडव्या पसरून टोकाशी खाली झुकतात. त्यामुळे दुरून पाहिले असता हिरव्या पानांचा एखादा उंच शंकू उभा करून ठेवावा तसा तो दिसतो. त्याची कोवळी पालवी तांबूस असते. जून झालेले पान वरून गर्द हिरवे व तकतकीत, तर खालून फिके असते. हा कोकमाचा वृक्ष होय. रत्नागिरीकडील लोक त्याला रातांबा म्हणतात, गोव्यात त्याच्या फळास भिरंड म्हणतात, आणि वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत त्याची नोंद ‘गार्सिनिया इंडिका’ या नावाने केलेली आढळते. आता बागांतून त्याची लागवड होते हे खरे. परंतु तो मूळचा रानचाच. कोणी लावला नाही, कोणी शिंपला नाही, तरी तो आपल्या आपण वाढतो.

त्याच्या फळाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातील अंगणे त्या फळांच्या जांभळट तांबड्या रंगाने रंगून जातात. फळे फोडून त्यांच्या साली उन्हात वाळवतात, त्यांना त्यांच्याच रसाची पुन्हा पुन्हा पुटे देतात आणि वर्षभराची आमसुले तयार करतात. मीठ घातलेल्या रसाचे आगळ होते. आगळ आणि नारळाचे दूध यांची सोलकढी होते. बियांपासून निघणारे घट्ट तेल थंडीत फुटलेल्या टाचांना लावतात. असा हा उपकारी वृक्ष असल्यामुळे त्याचे एखादे झाड परड्यात असावे असे कोणालाही वाटते.

परंतु या झाडाच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट पुष्कळांच्या अनुभवास येते. एकाच झाडाखालच्या बिया गोळा करून त्यांची दोन रोपे शेजारी शेजारी लावली, दोघांस सारखेच पाणी घातले, दोघांस सारखीच राखण केली. सात-आठ वर्षांनी दोन्ही झाडे सारखीच उंच झाली आणि दोन्ही फुलांवरही आली. पुढे एक झाड फळांनी लवले. दुसऱ्यावर मात्र औषधालाही फळ नाही! त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. घरची माणसे दोन-चार वर्षे वाट पाहतात आणि मग कोणी तरी जाणता सांगतो, “हा नर आहे. याला फळ धरायचे नाही. तोडून टाका आणि सरपणाला घ्या.”

त्या जाणत्याच्या बोलण्यातील पहिली दोन वाक्ये अगदी खरी आहेत. तिसरे वाक्य मात्र त्यांतून निघत नाही. ते का निघत नाही, हे समजण्यासाठी प्रथम फुलाची रचना पाहिली पाहिजे.

जास्वंदीचे किंवा धोतऱ्याचे फूल तुम्ही उकलून पाहिले असेल. त्यात पाकळ्यांच्या आत दोन प्रकारचे अवयव असतात. ज्यांच्या टोकांशी पिवळी पूड साठवलेली असते ते पुंकेसर. त्या पुडीच्या कणांना परागकण म्हणतात. दुसरा अवयव स्त्रीकेसर. त्याच्या तळाशी फुगीर अंडाशय असतो, अंडाशयात बीजांडे असतात, आणि वरच्या टोकाला पराग धरून ठेवणारी चिकट कुक्षी असते. पराग कुक्षीवर पडला, म्हणजे त्यातून एक सूक्ष्म नळी फुटून बीजांडापर्यंत पोहोचते. बीजांडाचे बी होते आणि अंडाशयाचे फळ होते. जास्वंदीच्या एकाच फुलात हे दोन्ही अवयव एकत्र नांदत असल्यामुळे अशा फुलास द्विलिंगी फूल म्हणतात. बहुसंख्य वनस्पतींची फुले याच प्रकारची असतात.

भोपळ्याची तऱ्हा निराळी. त्याच्या वेलावर काही फुलांमागे बारीकसा भोपळा जन्मतःच बसलेला असतो, तर काही फुले नुसत्या लांब देठावर उभी असतात. पहिली मादीफुले, दुसरी नरफुले. तथापि वेल एकच आहे. याच्याही पुढे एक पायरी आहे. काही जातींत एका झाडावर केवळ नरफुले आणि दुसऱ्या झाडावर केवळ मादीफुले येतात. अशा वनस्पतींना विभक्तलिंगी म्हणतात. फुलझाडांच्या शंभर जाती घेतल्या तर त्यांपैकी अवघ्या पाच-सहा या प्रकारच्या निघतात. ओढ्याकाठची शिंदी, समुद्रकाठचा ताड आणि आपले कोकम या मोजक्या कुळांत मोडतात.

आता कोकमाच्या दोन झाडांतील फरक नीट पाहू. तो पाहण्याची वेळ म्हणजे थंडीचे दिवस. साधारणपणे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ही झाडे फुलावर असतात. फुले लहान असतात. ती दुरून डोळ्यांत भरत नाहीत. त्यामुळे पुष्कळ माणसांचे सारे आयुष्य कोकमाखाली जाते, पण त्यांनी त्याचे फूल कधी पाहिलेले नसते. बाहेर चार निदले, म्हणजे कळीला झाकणारी पाने, आणि आत चार जाड, मांसल पाकळ्या, एवढी रचना दोन्ही झाडांवर सारखीच असते. येथपर्यंत नर आणि मादी यांत भेद करता येत नाही.

नरझाडाची डहाळी वाकवून पाहिली, तर पानांच्या बगलांत आणि डहाळीच्या टोकांशी फुलांचे झुबकेच्या झुबके दिसतात. कळ्या वाटोळ्या, मोत्यांसारख्या. उमललेल्या फुलाच्या मध्यभागी पुंकेसरांची दाट गर्दी होऊन त्यांचा जणू एक लहानसा गोळाच बनलेला असतो. पुंकेसरांचे दांडे इतके आखूड असतात, की परागकोश तेवढे एकमेकांस खेटून बसलेले दिसतात. अशा फुलाचे काम पराग उधळण्याचे. ते झाले, की फूल गळून पडते. झाडाखाली सकाळी अशा गळलेल्या फुलांचा सडा पडलेला दिसला, तर ते झाड बहुधा नर समजावे.

मादीझाडावर फुले त्या मानाने विरळ असतात. ती डहाळीच्या टोकाशी एकेकटी, अथवा दोन-चार मिळून, आखूड व जाड देठावर बसतात. देठाचा हा जाडपणा उगाच नाही. पुढे याच देठाला फळाचे ओझे तोलून धरायचे असते. फुलाच्या मध्यभागी वाटोळा अंडाशय असतो. तो आडवा कापला, तर त्यात चारपासून आठपर्यंत कप्पे दिसतात. त्याच्या डोक्यावर दांडा नसलेली, किरणांप्रमाणे विभागलेली कुक्षी टोपीसारखी बसविलेली असते. अंडाशयाभोवती बारकाईने पाहिले, तर आणखी एक मौज दिसते. तेथे काही खुरटे पुंकेसर असतात. पण ते वंध्य असतात, त्यांत उपयोगाचा पराग नसतो. या झाडाच्या दूरच्या पूर्वजांच्या फुलांत दोन्ही अवयव एकत्र होते, याची ती खूण राहून गेली आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. जुन्या वाड्यात वापरात नसलेला एखादा दिंडी दरवाजा राहावा, तसे हे आहे.

फळ पिकल्यावरही मादीफुलाचे अवशेष त्यावर राहतात. येत्या उन्हाळ्यात एक रातांबा हाती घेऊन पाहा. देठाशी चार निदले चिकटून असतील आणि विरुद्ध टोकाला जो लहानसा खरबरीत ठिपका दिसेल, ती वाळलेली कुक्षी. याच ठिकाणी थंडीच्या दिवसांत कधी तरी एखाद्या लहानशा किड्याने दुसऱ्या झाडावरून आणलेला पराग टेकवला होता.

फुलांखेरीज या दोन झाडांत ओळखू येण्याजोगा फरक कोणता? साल सारखी, पाने सारखी, फांद्यांचा झोक सारखा. डोळ्यांनी पाहून खात्री पटावी अशी खूण फुलोऱ्यापूर्वी मिळत नाही. हीच बागाइतदाराची खरी अडचण. बिया पेरल्या तर उगवणाऱ्या रोपांपैकी साधारण निम्मी नर निघतात. आणि निम्मी कोणती, हे कळण्यासाठी सात-आठ वर्षे थांबावे लागते. एवढा काळ पाणी, खत आणि जागा खर्च करून शेवटी झाड नर निघाले, तर ज्याचा संसार त्या उत्पन्नावर चालतो त्याला राग आला, यात नवल नाही. म्हणून अलीकडे कलमे करण्याची पद्धत पडली आहे. चांगल्या फळाच्या मादीझाडाची काडी रोपावर बांधली, म्हणजे होणारे झाड खात्रीने मादीच होते, आणि फळही लवकर धरते.

एका झाडावर फुलांचे झुबके आणि दुसऱ्यावर मोजकी फुले असे का असावे? याचे उत्तर दोघांच्या कामांतील फरकात आहे. परागकण अत्यंत सूक्ष्म असतो. तो घडवायला झाडाला फारसे काही वेचावे लागत नाही. परंतु हजारो परागकणांपैकी एखादाच योग्य ठिकाणी पोहोचतो. म्हणून नरझाड पुष्कळ फुले फुलवते, पुष्कळ पराग उधळते आणि आपले वर्षाचे काम थंडी सरेपर्यंत उरकून मोकळे होते. मादीझाडाचे काम तेव्हा कोठे सुरू होते. पुढचे महिने ते पानांनी तयार केलेले अन्न फळांत ओतत राहते. साल जाड करायची, गर आंबटगोड करायचा, प्रत्येक फळातील पाच-सहा मोठ्या बियांत तेल साठवायचे. हे सर्व खर्चाचे काम आहे. जितकी फळे धरतील तितक्यांना पोसले पाहिजे; म्हणून फुले मोजकी. विभक्तलिंगी वृक्षांच्या अनेक जातींत असे दिसून आले आहे, की फळांच्या या खर्चामुळे मादीझाडाची वाढ नराच्या मानाने सावकाश होते, किंवा भरपूर फळ दिल्यानंतर पुढच्या वर्षी ते जणू विसावा घेते.

निसर्गाचे नियम पाठ्यपुस्तकातील व्याकरणासारखे असतात. त्यांना अपवाद असतात. कोकमाच्या काही झाडांवर द्विलिंगी फुलेही आढळतात. आणि कोकमाचे एक भावंड तर याहूनही विलक्षण आहे. मलाया व इंडोनेशियाकडील मँगोस्टीन हे प्रसिद्ध फळ कोकमाच्याच प्रजातीतले. त्याच्या बागांत नरझाड जवळजवळ दिसतच नाही. त्याचे बी परागावाचून तयार होते आणि त्यापासून उगवलेले झाड हुबेहूब आईसारखे निघते. परंतु हा त्याचा खास मार्ग आहे. बहुतेक विभक्तलिंगी झाडांना तो साधलेला नाही.

नरझाड नसले तर काय होते, हे ज्ञान मनुष्याला अनुभवाने फार प्राचीन काळी झाले होते. आजच्या इराकच्या भूमीवर खजुराच्या बागा लावणारे लोक नरझाडाचा फुलोरा कापून आणीत आणि मादीझाडाच्या फुलोऱ्यावर झटकीत किंवा त्यात बांधून ठेवीत. असे केल्याने शेकडो मादीझाडांना थोडी नरझाडे पुरी पडत. आजही खजुराच्या बागाइतदारांना हे काम करावेच लागते. तथापि, असे का होते, याचा पद्धतशीर शोध घेण्याचे श्रेय जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील प्राध्यापक रुडॉल्फ कामेरारियुस यांच्याकडे जाते. जवळपास नर नसलेल्या तुतीच्या एका मादीझाडाला फळे तर येतात, पण त्यांतील बिया पोकळ असतात, असे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी एका विभक्तलिंगी रानवनस्पतीची मादीरोपे नरांपासून दूर, कुंड्यांत वाढवली. रोपे टवटवीत वाढली, त्यांना फळेही धरू लागली. परंतु ती सुकून गेली, एकही बी सकस निघाले नाही. १६९४ साली त्यांनी आपले निष्कर्ष एका दीर्घ पत्राच्या रूपाने प्रसिद्ध केले. वनस्पतींतही नर-मादी असतात, ही गोष्ट प्रयोगाने दाखविणारे ते पत्र वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात मैलाचा दगड ठरले.

आता त्या जाणत्याच्या तिसऱ्या वाक्याकडे वळू. नरझाड तोडले, तर शेजारचे मादीझाड लगेच वांझ होईल असे नव्हे. पराग पलीकडच्या रानातील एखाद्या नराकडूनही येतो, आणि एक नर अनेक मादींना पुरतो. म्हणूनच तोडणाऱ्याला त्या वर्षी आपली चूक दिसत नाही. परंतु शेजाऱ्यानेही तसेच केले, पलीकडच्या वाडीनेही केले, आणि रानातील झाडांवरही तीच कुऱ्हाड चालली, तर पराग येणार कोठून? किड्याची झेप काही गरुडाची नव्हे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि ती डोळ्यांना मुळीच दिसत नाही. परागाने धरलेल्या बीमध्ये निम्मा वारसा आईचा आणि निम्मा बापाचा असतो. एखाद्या झाडाची फळे मोठी, एखाद्याची लालभडक, एखादे झाड उशिरा पिकणारे, एखादे लवकर पिकून पावसाच्या तडाख्यातून सुटणारे. हे जे नानाविध प्रकार रानात दिसतात, ते दोन वारसे दर पिढीत नव्याने मिसळले जातात म्हणून. जे नरझाड स्वतः एकही फळ देत नाही, त्याने आसपासच्या कितीतरी बियांत आपला वाटा टाकलेला असतो. मोठ्या फळाचा गुण त्याच्यातही असू शकेल. पण त्याला फळच येत नसल्यामुळे तो त्याच्या अंगावर दिसत नाही, त्याच्या लेकींत दिसतो. कलमांची बाग उत्पन्नाला उत्तम. परंतु एका झाडापासून केलेली सारी कलमे म्हणजे एकच झाड अनेक ठिकाणी उभे असल्यासारखे आहे. एखादा नवा रोग आला आणि त्यापुढे एक झाड टिकले नाही, तर बाकीचीही टिकणार नाहीत. नवे गुण शोधायचे झाल्यास पुन्हा रानाकडेच जावे लागते, आणि रान म्हणजे नर व मादी दोन्ही.

जातीची एक बाजूच नाहीशी झाली, तर पुढे काय होते, हे कोकमाच्या बाबतीत कोणी पाहिलेले नाही आणि पाहण्याची पाळी येऊ नये. परंतु पृथ्वीच्या पाठीवर एका झाडावर तशी पाळी आलेली आहे. त्यासाठी आपल्याला समुद्र ओलांडून दक्षिण आफ्रिकेत जावे लागेल.

तेथे पूर्व किनाऱ्याजवळ, पूर्वीच्या झुलूलँड प्रांतात, न्गोये नावाचे सुमारे ४,००० हेक्टरांचे जंगल आहे. १८९५ साली दरबान येथील वनस्पतिउद्यानाचे प्रमुख जॉन मेडली वूड या जंगलाच्या कडेने हिंडत असता, एका चढणीवर त्यांना ताडासारखी दिसणारी चार खोडे एकाच बुंध्यापासून वर आलेली दिसली. ती ताडाची नव्हती. सायकॅड नावाच्या अतिप्राचीन वनस्पतिगटातील ते झाड होते. या गटातील झाडांना फुले येतच नाहीत. त्यांच्या जागी माथ्यावर मोठमोठे शंकू येतात. सर्वच सायकॅड विभक्तलिंगी असतात. नराचा शंकू लांबट व त्यात पराग, मादीचा शंकू आखूड, जाड व त्यात बिया. कोकमाप्रमाणेच येथेही शंकू येईपर्यंत झाड नर की मादी हे ओळखता येत नाही. पुढे या नव्या जातीला वूड यांचेच नाव मिळाले. तिला ‘एन्सेफॅलार्टोस वूडी’ म्हणतात.

वूड यांना सापडलेले झाड नर होते. चारही खोडे एकाच बुंध्याची असल्यामुळे ती सारी नरच. १८९९ साली त्याचे एक मुनवे लंडनजवळील क्यू येथील प्रसिद्ध वनस्पतिउद्यानाकडे पाठविण्यात आले. १९०३ व १९०७ या वर्षी वूड यांचे सहकारी जेम्स वायली यांनी आणखी मुनवी आणि दोन मोठी खोडे दरबानच्या उद्यानात आणून लावली. १९१६ साली जंगलात उरलेले शेवटचे खोडही काढून प्रिटोरियास नेण्यात आले. ते १९६४ पर्यंत जगले. या साऱ्या काळात आणि त्यानंतरही, लोकांनी त्या जंगलात पुन्हा पुन्हा शोध घेतला. मादीझाड मिळाले नाही. दुसरे नरझाडही मिळाले नाही.

आज जगातील अनेक उद्यानांत ही जात पाहायला मिळते. पण ती सारी झाडे त्या एका बुंध्याच्या मुनव्यांची मुनवी आहेत. केळीचे मुनवे लावले म्हणजे जशी तीच केळ पुन्हा उगवते, तसेच हे. झाडे शेकडो, पण खरे पाहता झाड एकच; आणि ते नर. पन्नास किंवा शंभर मुनवी वाढली, म्हणून त्यांतून एक मादी निघेल असे होत नाही. सायकॅडांपैकी एखाद्या झाडाचे लिंग आयुष्यात बदलल्याच्या क्वचित नोंदी आहेत, त्यामुळे काही अभ्यासकांना तीही एक अंधुक आशा वाटते.

क्यू येथे गेलेल्या झाडाने शंभराहून अधिक वर्षे काढली आणि २००४ साली प्रथमच शंकू धरला. या जातीचे शंकू गडद पिवळे, नारिंगी झाक असलेले, हातभर लांब आणि अत्यंत देखणे असतात. ते उकलतात, त्यांतून पराग झडतो आणि तो स्वीकारणारी मादी नसल्यामुळे वाया जातो. म्हणून उद्यानातील तज्ज्ञांनी एक उपाय योजला. याच प्रदेशात या जातीची एक जवळची भावंड जात आहे. तिच्या मादीझाडांवर हा पराग घातला, तर बी धरते. त्या बियांपासून उगवलेल्या झाडात वूडीचा वारसा अर्धा असतो. त्यांतून एखादी मादी निघाली आणि तिच्यावर पुन्हा वूडीचाच पराग घातला, तर पुढच्या पिढीत तो पाऊण होतो, त्यापुढे सात-अष्टमांश, त्यापुढे पंधरा-सोळांश. गणित करून पाहा: वाटा दर पिढीला वाढत जातो, पण पूर्ण एक कधीच होत नाही. शिवाय सायकॅडची एक पिढी वयात यायला पुष्कळ वर्षे लागतात. आज हे काम हाती घेणाऱ्याला त्याचा शेवट पाहायला मिळेल, असे नाही.

दुसरा मार्ग म्हणजे शोध. न्गोयेच्या जंगलात उंच झाडांची छत्री इतकी दाट आहे, की पायी हिंडणाऱ्याच्या नजरेतून एखादी दरी सहज निसटावी. म्हणून इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या लॉरा सिंटी यांनी २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये जंगलावरून ड्रोन उडविले. वरून घेतलेल्या हजारो छायाचित्रांत या झाडाचा वर्तुळाकार पर्णमुकुट कोठे दिसतो काय, हे संगणकाकडून तपासून घेण्यात आले. त्यांना मादी सापडली नाही. मात्र तोपर्यंत जंगलाचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग पाहून झाला होता.